बाईसाहेबांचं बाळंतपण

३० जुलै, नवेगाव बांध
पोचलो एकदाचा. अकोल्याहून निघताना आई म्हणाली, जंगलात नेमणूक म्हणजे शिक्षाच. शिक्षा अशी असेल तर ती सगळ्यांना मिळो. कवेलूच्या छपराची खोली, मागे चिंचेचं झाड, आणि तलावावरचा वारा थेट खाटेपर्यंत. घरमालक सेवकरामकाकांना धानाची काळजी आणि दुर्गाकाकूंना माझ्या पोटाची. पहिल्याच ताटात तलावातली मासळी आली. एवढंसंच काऊन खाऊन राहिले मास्तर, असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. त्यांची मुलगी अल्का बाळंतपणाला माहेरी आली आहे. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दिवस गेलेत, म्हणून या घरात सगळे हळू चालतात आणि हळू बोलतात. मीसुद्धा माझी ट्रंक हळूच टेकवली.

३ ऑगस्ट
शाळेमागच्या विटांच्या ढिगात विंचू सापडला. तांबूस, करंगळीएवढा, चालीत भलताच तोरा. शिपायाने चप्पल काढायच्या आत मी त्याला डब्यात घेतला. गणिताच्या मास्तराला संध्याकाळी बोलायला कोणीतरी हवंच ना. मोठ्या काचेच्या बरणीत माती घातली, कवेलूचा तुकडा ठेवला आणि तोंडावर माझी जुनी पांढरी लुंगी घड्या घालून दोरीने बांधली. मोठा काळा विंचू विषारी, हा लाल म्हणजे किरकोळ, असं लहानपणापासून ऐकत आलोय. काकूंना सांगितलं नाही. उगाच घाबरतील.

९ ऑगस्ट
झुरळं फार आवडतात स्वारीला. गोंदियाहून नोटा तपासायचा जांभळा टॉर्च आणला. अंधारात त्याचा उजेड पाडला की विंचू हिरवागार चमकतो. पोट मात्र फुगलंय, कडेचे पापुद्रे ताणून आतलं पांढरं दिसतंय. नुसती खादाडी, की पोटुशी? मोबाइल म्हणतो दोन्ही शक्य आहे. आजपासून आमच्या बाईसाहेब. एका छपराखाली दोन डोहाळे, आणि त्यातल्या एकीचे पुरवायला मी.

१७ ऑगस्ट
अल्काला मुलगी झाली. तालुक्याच्या दवाखान्यातून आज घरी आणली. बारशापर्यंत त्या खोलीत पुरुषांना मज्जाव, म्हणून दारातूनच पाहिली. मूठ घट्ट मिटून झोपली होती. मला भरून आलं, का ते माहीत नाही.
बाईसाहेबांनी खाणं सोडलंय. सारख्या वर चढून लुंगीच्या घड्यांना उलट्या लटकतात. विज्ञानाच्या राजदीप सरांना सहज विचारलं. ते साप पकडतात, त्यांना माहीत असतं. म्हणाले, काळ्याचं नुसतं नाव मोठं, लहान लेकरं जातात ती या लाल विंचवानेच. मी म्हटलं, एका मित्राकडे आहे. आता तिला सोडायला हवं. पण अशा अवस्थेत कशी सोडायची? चार दिवस थांबतो.

२१ ऑगस्ट
बाईसाहेब वाळलेल्या शेंगेसारख्या सपाट झाल्यात आणि पिल्लू एकही नाही. बिथरलेली आई पिल्लं खाते, असं मोबाइलवर वाचलं. परवा मीच बरणी हलवली होती. जीव हळहळला. तरी दार-खिडकी लावून, अंधार करून टॉर्चने सगळं तपासलं. माती, कवेलू, लुंगीच्या घड्या. चमकत होत्या त्या एकट्या बाईसाहेब. दुपारीच त्यांना जंगलात लांब सोडून आलो.
परत येतो तो काकू दारात. या दमट हवेत बाळाचे कपडे वाळत नाहीत, शेगडीवर धरावे लागतात. तान्ह्याला नवं कापड घालत नाहीत, जुनं मऊ सूत लागतं. त्यांनी माझ्या खाटेवरच्या लुंगीकडे बोट दाखवलं. मी घडी तशीच दिली, फक्त धुऊन घ्या म्हटलं. त्या म्हणाल्या, धुतली तं कधी वाळन, धुरी देतो. मला बरं वाटलं. आपलंही काही त्या बाळाच्या अंगाशी राहील.

२९ ऑगस्ट
टॉर्चच्या उजेडात खिडकीच्या चौकटीवर हिरवा ठिपका. तांदळाच्या कणीएवढा. टॉर्च जवळ नेला, तर त्याने शेपटी उचलली.
सगळं पुन्हा वाचलं. नवजात पिल्लं पांढरी असतात आणि ती चमकत नाहीत. पहिली कात टाकली की मगच चमकतात. नांगीही तेव्हाच कामाची होते.
पांढरी पिल्लं. पांढरी लुंगी.

३० ऑगस्ट
लुंगी परत मागितली. आईची आठवण आहे, असं काहीतरी बोललो. काकू हसल्या. लुंगी वापस कायले मांगून राहिले मास्तर? घडी मोडलीच नाही म्हणे, तशीच दुपट्याच्या आत घालून टाके मारले. बाळ त्याच्यावरच झोपते.
तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि त्यांनी माझ्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला. अल्का आतून गात होती. मी लाडू खाल्ला. मी भित्रा आहे.

३१ ऑगस्ट, दुपार
बाळ सकाळपासून रडतंय. दृष्ट लागली म्हणतात. मिरच्यांचा वास इथपर्यंत.
काकूंनी दुपटं ओसरीवर टाकलं होतं. उचललं. चोरलं. दाराला कडी घालून ब्लेडने टाके उसवले.
आत फोलपटं. पांढरी, पातळ, रिकामी. कात. घडीघडीत कात. जिवंत एक नाही.
शिवणीत बोट जाईल एवढी फट —
बाहेर पडलीत. पाळण्यात —
काकू कडी वाजवतात. दुपटं पाहिलं का विचारतात. उघडतो. सांगतो.

३१ ऑगस्ट, संध्याकाळ
सांगितलं. सगळं. काकांनी कानशिलात मारली, पुन्हा मारली. मारायलाच हवं होतं.
लाइट गेली आहे. त्याच टॉर्चने पाळणा झाडला. निघाली. दोरीवर, उशीखाली. काकांनी ठेचली. बाळाचं अंग बोटबोट तपासलं, डंख नाही. देवा, डंख नाही.
आता बाळ ओसरीवर, बाजेवर. बाजेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. काका, काकू आणि अल्का आतली खोली रिकामी करताहेत. काकू मला म्हणाल्या, तुनंच आणली बला, आता तूच राखण कर, नजर हालवू नको.
कालपर्यंत ‘मास्तर’ होतो.
हात कशात तरी गुंतवावेत म्हणून लिहितोय. दोन शब्द, मग टॉर्च. दोन शब्द, मग टॉर्च.
चादरीवर नाही. मुठीवर नाही. पायावर नाही. झोपलंय शांत. उद्या ट्रंक उचलून निघून जाईन, फक्त आजचा —
टोपडं पांढरं आहे.
कशाचं शिवलं, विचारलंच नाही. लुंगीचा तुकडा उरला असेल तर —
कानाजवळ, झालरीच्या आत. हिरवं. अजून एक —
हाक मारली तर दचकेल. टोपडं ओढावं तर नाडी हनुवटीखाली, गाठ —
काकू आतून विचारतात, बरी हाये ना?

जागी होतेय. मान वळव