पाचव्या फेरीतली पट्टी

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू आधी लिहितो, म्हणजे पुढे त्यांबद्दल घोळ नको. बीच लाकडाचे जेवणाचे टेबल, सहा माणसांचे, एकही खिळा नाही. तळघरातले कामाचे टेबल. मुलगी ज्ञानदा हिचा पलंग, जो ती आता आखूड पडतो म्हणते. बागेतली पोलादी चौकट, तिला जाळे आणि जाळ्यात पाच भोके, चेंडू फेकून नेम धरण्यासाठी. मैदानाच्या कडेला उभा करायचा ॲल्युमिनियमचा खांब, ज्यावर कॅमेरा चढतो आणि वाऱ्यात हलत नाही. लिंडेन लाकडाचा फळा, सात आडव्या खाचांचा, ज्यांत नावांच्या पट्ट्या सरकतात. पत्नी वसुधाच्या आईसाठी केलेली काठी त्यांच्याबरोबर गेली, ती धरलेली नाही.

आता रीतसर. मी, दत्तात्रय रामचंद्र भालेकर, वय चोपन्न, मूळ चिंचवडचा, गेली तेवीस वर्षे न्युरेम्बर्ग येथे राहणारा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कुणाचा दबाव नाही. सकाळच्या गोळ्यांव्यतिरिक्त काही घेतलेले नाही. पुढच्या गुरुवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टरीण बाईंनी टक्केवारी सांगितली, ती चांगली आहे. मला ती ऐकून बरे वाटले नाही आणि वाईटही वाटले नाही.

हा सगळा मजकूर माझ्या हस्ताक्षरात आहे, कारण इथे टाइप केलेले मृत्युपत्र खाली सही असली तरी बाद होते. साक्षीदार इथल्या कायद्याला लागत नाहीत. मी घेतले आहेत. आमच्याकडे साक्षीदारांशिवाय लिहिलेल्या कागदाला कुणी मृत्युपत्र म्हणणार नाही.

१. घर. घर माझ्या आणि पत्नी सौ. वसुधा हिच्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा तिला. घरावर कर्ज आहे. मुलांना इथे फ्लिख्टटाइल, म्हणजे बापाला नाकारता न येणारा वाटा, मागता येतो. दोघांनी तो आईच्या हयातीत मागू नये अशी माझी इच्छा आहे. इच्छा म्हणतो आहे, अट नाही.

२. बँकेतली शिल्लक, माझे पेन्शन, गाडी: वसुधा. गाडीचे हिवाळी टायर तळघरात डाव्या भिंतीला आहेत. या वर्षी बदलायला झाले आहेत, तिने पुढच्या वर्षावर ढकलू नये.

३. हत्यारे आणि मोजमापाची उपकरणे मुलगी ज्ञानदा हिला, सगळी, पेट्यांसकट. याला कारण आहे. मी २००३ साली वसुधाच्या व्हिसावर इथे आलो. ती सॉफ्टवेअरमध्ये. मी भोसरीच्या वर्कशॉपमधून आलेला, दाखवायला एक सर्टिफिकेट नाही. जर्मन मी मिलिंग मशीनच्या माहितीपुस्तकांतून शिकलो, त्यामुळे मला 'धार बोथट झाली' आधी म्हणता आले आणि 'कसे आहात' नंतर. चार वर्षांनी मी आउसबिल्डुंग, म्हणजे इथले कारागिरीचे रीतसर प्रशिक्षण, न करता थेट परीक्षेला बसलो आणि पास झालो. कुणी शिकवले नाही. ज्ञानदाला मीही शिकवले नाही, ती शेजारी उभी राहून बघत असे. मागच्या उन्हाळ्यात तिने सायकलचे बेअरिंग मोजून, काढून, नवे बसवले. मी विचारले, "गेनाऊ?" ती म्हणाली, "बाबा, गेनाउअर गेट्स निश्ट." म्हणजे याहून नेमके होत नाही. मी नंतर मोजून पाहिले. होत नव्हते.

४. मेहुणे श्री. मयुरेश यांना काहीही नाही. अनिमेषच्या बारशाला पुण्यात पन्नास माणसांसमोर ते म्हणाले होते, "भावोजी, मजा आहे तुमची, बायको कमावते, तुम्ही डायपर बदला." मी डायपर बदलत होतो आणि दुसऱ्या पाळीला मशीनवरही जात होतो. गेल्या दिवाळीत त्यांनी फोनवर विचारले, तो जपानी मायक्रोमीटर तुम्हांला आता लागतो का. लागतो. कलम तीन पहावे.

५. फळा. हे कलम लांब आहे.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे चिंचवडचे आमचे दादा) थोडक्यात सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चालीत ज्याच्या हातात चेंडू येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे ज्याला अंगावर माणसे धावून येत असताना ठरवावे लागते, तो गडी. ही पोरे कॉलेजांतून खेळतात. दर एप्रिलअखेर व्यावसायिक संघ पाळीपाळीने त्यांतली हवी ती निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. फेऱ्या सात. पहिल्या-दुसऱ्या फेरीत नाव आले तर मोठा करार होतो आणि चुका करायला दोन-तीन वर्षे मिळतात. पाचव्या फेरीतले पोर ऑगस्टमध्ये संघातून वगळले जाऊन, सामान बांधून घरी येऊ शकते.

माझा मुलगा अनिमेष अकरा वर्षांचा असताना शाळेतल्या मित्राबरोबर इथल्या क्लबात गेला. पालकांनी केक आणायचा असतो. मी खांब आणि कॅमेरा नेला. नियम मी स्वतः शिकलो, मग पोरांचे पाय बघायला शिकलो. क्वार्टरबॅकचा हात सगळेच बघतात. चेंडू सुटायच्या आधी मागचा पाय कुठे आहे आणि डोळे खाली गेले की वर राहिले, एवढेच मी बघतो. अनिमेष बागेतल्या जाळ्यात चेंडू मारायचा आणि ओरडायचा, "बाबा, वार दास गुट?" म्हणजे चांगला होता का. मी म्हणायचो, "नेम गुट. पाय मागे राहिला." तो पुन्हा फेकायचा.

पुढे तो अमेरिकेत कॉलेजात खेळायला गेला आणि मी तिथल्या सगळ्याच क्वार्टरबॅकांचे खेळ बघू लागलो. ईस्टरच्या शनिवारी आमच्या तळघरात सभा भरते. दहा-बारा मराठी माणसे, वादावादी, आणि फळ्यावर पट्ट्या: कुणाला कितव्या फेरीत घेण्याची लायकी आहे. वाद संपला की पट्टी मी ठेवतो आणि ती मग हलत नाही. मित्र प्रताप सबनीस हा क्रम इंग्रजीत इंटरनेटवर टाकतो. आधी कुणी वाचत नव्हते. तीन वर्षांपूर्वी सगळे ज्याला पहिला घ्या म्हणत होते तो मुलगा मी चौथ्या फेरीत ठेवला आणि तो आज कुठेच खेळत नाही. तेव्हापासून तिकडचे वार्ताहरही वाचतात. दोनदा मी साफ चुकलो, तेही तिथे लिहिलेले आहे.

यंदाच्या सभेत पहिल्या जागेवरून प्रतापचे आणि माझे जुंपले. त्याला ओहायोचा उंच मुलगा हवा होता, मला टेक्ससचा डावखुरा.

"अरे दत्ता, त्याचा हात बघ! साठ यार्ड फेकतो उभ्या उभ्या!"

"उभा राहू दिला तर. अंगावर माणूस आला की डोळे मिटतो तुझा उंच मुलगा."

प्रतापची बायको मीनल जिन्यावर बसली होती. ती म्हणाली, "उंची सहा-पाच, हात मजबूत, पगार चांगला होणार. घ्या ना करून! पत्रिका मी बघते." सगळे हसले. कुणीतरी म्हणाले, "डावखुरा पण बरा आहे हो, पण सासू कडक वाटते त्याची." मीही हसलो असेन. डावखुरा पहिला गेला. उंच मुलगा दुसऱ्या फेरीत, प्रतापच्या नाराजीसकट.

मग अनिमेषची पट्टी उरली. या वर्षी तोही ड्राफ्टमध्ये आहे.

प्रताप म्हणाला, "दुसऱ्यात ठेव. डोळे झाकून ठेव."

मी त्याचे शेवटचे चार सामने लावले. लांबचा पास या वर्षीच्या सगळ्यांत त्याचा सरस, हे मी आधी म्हणालो, ते कुणाला आठवत नाही. पण डावीकडून दाब आला की त्याचा मागचा पाय जमिनीवर राहतो आणि चेंडू उशिरा सुटतो. चारही सामन्यांत. मी पट्टी पाचव्या खाचेत ठेवली.

"तू बाप आहेस का सिलेक्टर?" प्रतापचा आवाज चढला. "तिकडे लोक वाचतात हे! कळतंय का तुला?"

"म्हणूनच."

"म्हणूनच काय? मग त्याला सोडून दे, मांडूच नको!"

वसुधा दारात होती. तिने एवढेच म्हटले, "अहो, ती एक जागा रिकामी राहिली तर कुणाचं काय जाणार आहे?"

मी म्हणालो, "बाकीच्यांनाही आया आहेत."

ती वर गेली. मीनलने विषय बदलायला बघितले, जमले नाही. सोमवारी प्रतापने क्रम टाकला, होता तसा, पाचव्या फेरीसकट. मंगळवारी एका अमेरिकन वार्ताहराने मथळा दिला: बापच म्हणतो, पाचवी फेरी. पुढे बऱ्याच जणांनी तो उचलला. लांबच्या पासाबद्दल मी म्हटलेले कुणीच छापले नाही. वसुधा माझ्या गोळ्या वेळेवर काढून ठेवते. याविषयी ती बोललेली नाही.

तिने एकदा मला विचारावे असे वाटत होते: लवकर निवडलेल्या पोरांना दुबळ्या संघात पहिल्याच वर्षी उभे करतात आणि मोडून टाकतात, अनिमेषला त्यातून वाचवायला हे केलेत का? तिने विचारले नाही, म्हणून इथे उत्तर देतो. नाही. मी जे दिसले ते ठेवले.

फळा, सगळ्या वर्षांच्या पट्ट्या आणि कॅमेऱ्याचा खांब प्रताप सबनीस याला. अटींवर. (अ) ड्राफ्ट होईपर्यंत अनिमेषची पट्टी पाचव्या खाचेत राहील. मी गेलो म्हणून कुणाला दया येऊन ती वर सरकवायची नाही. (आ) त्याच चार सामन्यांच्या चित्रणातून माझी चूक दाखवता आली, पाय उचललेला दिसला, तर प्रतापने ती खुशाल सरकवावी आणि तसे जाहीर करावे. त्याची नजर चांगली आहे. उंच मुलाच्या बाबतीत तो चुकला आहे, तरी चांगली आहे. (इ) ड्राफ्टनंतर दरवर्षीप्रमाणे प्रत्येक पट्टीखाली खरी फेरी लिहावी. अनिमेषच्या खालीही. मी चुकलो असेन तर तेही त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे, लहान करू नये.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रतापनेच करावी. इथे त्याला टेस्टामेंट्सफोलश्ट्रेकर म्हणतात. काल त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "अख्ख्या न्युरेम्बर्गात तुला मीच सापडलो? मी तुझ्याशी बोलत नाहीये." मग म्हणाला, "किल्ली कुठे असते तळघराची?"

७. मुलगा अनिमेष यास: बागेतली चौकट, जाळ्यासकट. ती सुटी होते, बोल्ट सोळाचे आहेत, पाना कपाटात आहे. विमानाने नेण्याइतकी तिची किंमत नाही. त्याला नको असेल तर क्लबाला द्यावी, लहान पोरांना उपयोगी पडेल. लोखंडी पाय ओल्यात ठेवू नयेत. याशिवाय माझे घड्याळ. ते रोज थोडे पुढे जाते, मी दुरुस्त करू शकलो असतो, केले नाही.

८. मागचे विधी. इथेच दहन करावे. अस्थी पुण्याला न्यायला परवानग्या लागतात, वसुधाने त्या कागदांमागे धावू नये. इथल्या स्मशानात जी जागा मिळेल ती चालेल. कंपनीतल्या लोकांना कळवावे, फुले पाठवू नका म्हणावे, ती तरीही पाठवतील. अनिमेषने ड्राफ्ट सोडून यायचे नाही. हे मी गंभीरपणे लिहीत आहे. आई म्हणाली तरी यायचे नाही.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, दोन ठिकाणी खाडाखोड आहे, तिथे बाजूला सही केली आहे.

सही: दत्तात्रय रामचंद्र भालेकर

साक्षीदार, ज्यांना यातून काही मिळत नाही:
१. श्रीनाथ उकिडवे, न्युरेम्बर्ग. (मजकूर वाचला नाही, सही करताना पाहिले.)
२. प्रभा उकिडवे, न्युरेम्बर्ग. (वाचला. मला काही म्हणायचे नाही.)

न्युरेम्बर्ग, शनिवार, ११ एप्रिल २०२६

पुरवणी. सहीच्या खाली लिहिलेले पुन्हा सही केल्याशिवाय धरत नाहीत, म्हणून शेवटी वेगळी सही करत आहे. हे वर लिहिले नाही कारण यात कुणाला काही द्यायचे नाही. साक्षीदार गेल्यावर लिहीत आहे.

बुधवारी अनिमेषचा फोन आला. मी एकटा घरी होतो. तो नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये बोलला. माझे ऑपरेशन कधी, किती वेळ चालणार, ते त्याने विचारले, मी सांगितले. मग तो म्हणाला, "बाबा, निम मिश आइनफाख रुंटर." म्हणजे मला नुसतं काढून टाक त्या यादीतून.

मी म्हणालो, "वर नको सरकवू?"

"नाइन. नुसतं काढ."

मी विचारले, चारही सामन्यांत पाय राहतो, दिसतं का तुला. तो म्हणाला, "हो. दिसतं." मग तो मराठीत बोलला, सावकाश, आधी जुळवून ठेवल्यासारखे. तिकडे आता कॉलेजच्या खेळाडूंनाही जाहिरातींचे पैसे मिळतात, त्याने ते खर्च केलेले नाहीत. मी त्याचे नाव काढले, तर घराचे उरलेले सगळे कर्ज तो या महिन्यात फेडणार होता.

मी नाही म्हणालो. त्याने पुन्हा विचारले नाही.

रक्कम एक लाख सहा हजार चारशे युरो.

दत्तात्रय रामचंद्र भालेकर