प्रशिक्षकास मैदानाच्या कडेला उभे राहू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासक,
फुटबॉल क्लब (प्रशासनाधीन),
क्लब कार्यालय, दुसरा मजला,
पूर्वीची चषकांची खोली.

अर्जदार : क्लबचे मुख्य प्रशिक्षक, राहणार क्लबचे निवासस्थान, पूर्वेकडील गॅलरीच्या मागे. (सध्या तेथेच.)

विषय : रविवारच्या अखेरच्या सामन्यात प्रशिक्षकास मैदानाच्या कडेला उभे राहण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपला आदेश, 'विक्रीयोग्य कर्मचाऱ्यांचे संरक्षण'.
२) अर्जदारास बुधवारी बजावलेली नोटीस.
३) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांची फक्त पोच मिळाली.

महोदय,

१. अर्जदार या क्लबचा मुख्य प्रशिक्षक असून आज रोजी क्लबच्याच घरात, क्लबच्याच पहारेकऱ्याच्या देखरेखीखाली बसून आहे. पहारेकरी भला माणूस आहे. पहिल्या दिवशी तो दाराबाहेर मान खाली घालून उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची मागितली. आम्ही दिली. सदर अर्ज तोच आपल्याकडे आणून देत आहे. तेवढ्या वेळात दारावर कोणी नसले तरी अर्जदार घर सोडणार नाही, याची खात्री असावी. जाऊन जाऊन जाणार कुठे?

२. क्लबच्या तिजोरीत खडखडाट झाल्यावर संचालक मंडळ एका संध्याकाळी चहा अर्धवट टाकून उठले, ते परत आले नाही. त्यानंतर आपली नेमणूक झाली. आपण आलात तेव्हा अर्जदाराला हायसे वाटले होते, हे येथे नमूद करणे त्याला आवश्यक वाटते. निदान खुर्चीवर माणूस तरी आला. आपल्या सहायक मॅडमनी स्टिकरची गुंडाळी घेऊन चषकांपासून कोपऱ्यातल्या झेंड्यांपर्यंत सगळ्यावर क्रमांक चिकटवले, त्यालाही अर्जदाराची हरकत नव्हती. त्यानंतर संदर्भ क्र. १ चा आदेश निघाला. बाहेरच्या एखाद्या क्लबने आमच्या खेळाडूविषयी लेखी विचारणा केली आणि त्या खेळाडूने विचारणेच्या पोचेवर सही केली, की तो 'संरक्षित' होतो. त्याने सामना खेळायचा नाही, सराव करायचा नाही आणि जिन्यावरून धावायचेही नाही. पाय मोडला तर किंमत पडेल, हा त्यामागचा विचार. कागदावर वाचताना अर्जदाराला तो बरोबरच वाटला.

३. पहिली विचारणा आमच्या 'तुफान'ची आली. हा आमचा गोल करणारा गडी. पोरगा आनंदाने सही करून आला आणि त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये कॅरम खेळत बसला आहे. त्याच्यामागून जे जे बरे होते ते सगळे गेले. अर्जदाराच्या हाती उरले ते ज्यांना कुत्रंही विचारत नाही असे. त्यांच्यात एकाला दूरचे दिसत नाही, एकाचा डावा पाय नुसता शोभेचा आहे, आणि गोलमध्ये आहेत ते काका. काकांचे वय अर्जदार येथे लिहीत नाही, कारण ते काकांनी क्लबलाही कधी धड सांगितलेले नाही.

तरीही घरी बसून रडण्यात अर्थ नव्हता. या मंडळींना पाय जेमतेम होते, पण कान उत्तम होते. तेव्हा अर्जदाराने त्यांना कानाने खेळायला शिकवले. मैदानाच्या कडेने धावत ओरडायचे आणि त्यांनी ऐकू येईल तसे करायचे. दूरचे न दिसणाऱ्याला चेंडू कुठे आहे ते सांगायचे. काकांना गोल सोडून भलत्या वेळी पुढे धावण्याची जुनी खोड आहे, त्यांना 'थांब' आणि 'आता' एवढे दोनच शब्द द्यायचे. सुरुवातीला लोक हसले. मग आम्ही जिंकू लागलो आणि अर्जदाराचा घसा कायमचा बसला.

४. आणि इथेच घात झाला. जो चांगला खेळे त्याची विचारणा येई, आणि विचारणा आली की तो कॅन्टीनमध्ये जाऊन बसे. ज्याने नाव काढले तो संघातून गेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. दूरचे न दिसणाऱ्या त्या मुलाने मागच्या महिन्यात निव्वळ आवाजावर विसंबून एक गोल केला. गॅलरी नाचत होती आणि हा बापडा डोळे पुसत अर्जदाराकडे आला. म्हणाला, "साहेब, माफ करा. चुकून गेला." त्याला पुढचा सामना खेळायचा होता. चारच दिवसांत त्याचीही विचारणा आली, आणि कार्यालयाने बोलावून सही घेतली. महोदय, गोल केल्याबद्दल माफी मागणारा खेळाडू आपण कधी पाहिला आहे काय? अर्जदाराने पाहिला.

कॅन्टीनमध्ये बसलेले खेळायला मिळत नाही म्हणून कुढतात, आणि मैदानावर उरलेले आपल्याला कोणीच मागत नाही म्हणून कुढतात. अर्जदार दोघांच्याही मध्ये उभा असतो. म्हणजे बुधवारपर्यंत असायचा.

५. रविवारचा सामना कशासाठी आहे हे आपण जाणताच, तरी नोंदीसाठी लिहितो. आम्हाला त्यात बरोबरी पुरे आहे. बरोबरी झाली तर क्लब या श्रेणीत राहतो, आणि ज्या गृहस्थांनी क्लब विकत घ्यायची तयारी दाखवली आहे ते सही करतात. हरलो तर ते येणार नाहीत, आणि आपण सोमवारी मैदानाच्या फाटकाला कुलूप लावाल. तसे आपण स्वतःच सांगितले आहे आणि त्यात आपला दोष नाही. पण कुलूप लागले की तो क्लब पुन्हा उघडत नाही, हे अर्जदाराने इतरत्र पाहिले आहे.

६. अशा वेळी, बुधवारी सकाळी, सहायक मॅडम एक कागद घेऊन आल्या. अर्जदाराने रोजच्या सवयीने न वाचता सही ठोकली. कपडे धुण्याच्या पावडरीची मागणी असेल असे त्याला वाटले होते. ती विचारणा निघाली, खुद्द अर्जदाराविषयी. मॅडमनी अर्जदाराकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, स्टिकर कुठे चिकटवावे हे त्यांना कळेना, शेवटी ओळखपत्रावर चिकटवले. नोटिशीप्रमाणे अर्जदाराने आता मैदानाच्या आवारात यायचे नाही, पळायचे नाही, आणि ओरडायचे तर मुळीच नाही, कारण 'घसा हा सदर कर्मचाऱ्याच्या किमतीचा भाग आहे'.

विचारणा करणारा क्लब कोणता, तर रविवारी आमच्याविरुद्ध उतरणार आहे तोच. हे अर्जदाराने मॅडमच्या नजरेस आणून दिले. त्यांनाही ते पटले असावे, कारण त्यांनी आदेश पुन्हा पहिल्यापासून चाळला. मग म्हणाल्या की विचारणेमागचा हेतू तपासण्याची तरतूद आदेशात नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असे अर्जदार म्हणणार होता. पण मॅडमचा स्वभाव चांगला आहे आणि त्यांनाही वर जबाब द्यायचा असतो, म्हणून त्याने ओळखपत्र तेवढे खिशात घातले.

७. त्यानंतर अर्जदाराने सुटकेचे जे प्रयत्न केले ते असे. राजीनामा दिला. तो परत आला, कारण प्रशासकांच्या परवानगीशिवाय क्लबची मालमत्ता क्लबबाहेर नेता येत नाही. मग स्वतःची किंमत कमी करून पाहिली. अर्जदार किती निकामी आहे याचा दाखला पत्नीकडून घेतला. तिने तो मोठ्या उत्साहाने, पाठपोट लिहून दिला. बाजारात पाठवले तर वाटेत पोरांचा सामना बघत उभा राहतो, कोणाचे ऐकून घेत नाही, झोपेत 'ऑफसाइड' म्हणून ओरडतो, वगैरे. त्यावर शेरा आला की हे दोष घरगुती वापरातील असल्याने बाजारभावावर त्यांचा परिणाम होत नाही. शेवटी तिकीट काढून प्रेक्षकांत बसावे म्हटले, तर तिकीटखिडकीवर अर्जदाराचा फोटो लावलेला आहे. फोटो जुना आहे, पण ओळखू येतो.

मग एकच वाट उरली. आपण अर्जदाराची विक्री आजच पुरी करावी, म्हणजे रविवारी तो समोरच्या संघाचा माणूस म्हणून का होईना, मैदानाच्या कडेला उभा राहू शकेल. हे अर्जदाराने गुरुवारी कच्च्या कागदावर लिहूनही काढले होते. पत्नी कपड्यांच्या घड्या करत होती. क्लबचे कपडे धुण्याची खोली तीच सांभाळते. तिने कागद वाचला आणि शांतपणे विचारले, "आणि तिकडच्या बाकावरून हाका कुणाला मारणार तुम्ही?"

तो कागद फाडला आहे. महोदय, अर्जदार घाबरला आहे हे सरळच लिहितो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गॅलरीची पाठ आणि दिव्याचा एक खांब एवढेच दिसते. रविवारी आरडाओरडा होईल तो भिंतीतून ऐकू येईल, पण तो आमच्या बाजूचा की त्यांच्या, हे भिंतीतून कळत नाही.

८. पत्नीने नंतर संदर्भ क्र. १ चा आदेश मागून घेतला आणि जेवणे होईपर्यंत वाचला. त्यात एक कलम असे आहे की ज्यांच्याविषयी कोणतीही विचारणा नाही अशा कर्मचाऱ्यांनी सामन्याच्या दिवशी मैदानावर हजर राहणे बंधनकारक आहे. ती म्हणाली की तिला आजवर कोणी विचारलेले नाही, निदान लेखी तरी नाही, तेव्हा रविवारी कडेला ती उभी राहील. अर्जदाराने अनुभवाचा प्रश्न काढला. तिचे म्हणणे पडले की 'थांब' आणि 'आता' म्हणायला प्रशिक्षण लागत नाही, संसार लागतो. अर्जदाराची शिट्टी तिने आज सकाळीच नेली आहे. शिट्टीवर आपला स्टिकर आहे, तरी चोरी समजू नये.

९. हा अर्ज येथेच संपायचा होता. परंतु आज दुपारी काका घरी आले. पहारेकऱ्याने त्यांना अडवले नाही. काकांनी सामन्याच्या दिवशी करतात तसे केस नीट विंचरले होते आणि हातात एक पाकीट होते. विचारणा. त्याच क्लबची. कागदाखाली पोचेची जागा कोरी होती.

काका आयुष्यभर याच क्लबच्या गोलमध्ये उभे आहेत. पोरे आली, नावारूपाला आली आणि विकली गेली. काकांसाठी कोणी कधी चिठ्ठीचा कपटाही पाठवला नाही. अर्जदाराने ते पत्र वाचले आणि ते का आले आहे हे त्याला पहिल्याच ओळीत कळले. आपणासही कळेल. पण काका समोर बसले होते. त्याने अभिनंदन केले. पत्नीने काकांच्या हातावर साखर ठेवली आणि ती आत निघून गेली.

काकांनी पत्र पुन्हा घडी करून खिशात ठेवले. म्हणाले, "सही सोमवारी करतो, साहेब. रविवारी पोरांना सोडून कसा जाऊ? इतकी वर्षं थांबलो मी, एक दिवस ते थांबतील की."

अर्जदार हो म्हणाला.

१०. सबब, आपणास कळकळीची विनंती की :

(अ) अर्जदारास रविवारी मैदानाच्या कडेला उभे राहू द्यावे. घशाचे काही झाल्यास जबाबदारी अर्जदाराची राहील.

(आ) ते शक्य नसल्यास, सामना संपताच कोणीतरी दारावर येऊन निकाल सांगावा. पहारेकऱ्यास आधीच सांगून ठेवले आहे, पण तो भिडस्त आहे, वाईट बातमी असली तर तो दार वाजवणार नाही.

(इ) निकाल आमच्या बाजूने लागल्यास अर्जदाराच्या पत्नीविषयी विचारणा येण्याचा संभव आहे. ती स्वीकारू नये. अर्जदाराचे घर तिच्यावर चालते.

(ई) काकांना पोचेवर सही करण्यासाठी सोमवारपूर्वी कार्यालयातून बोलावणे पाठवू नये. आदेशाप्रमाणे सही झाल्याशिवाय ते संरक्षित होत नाहीत, आणि रविवारी आमच्याकडे दुसरा गोलकीपर नाही.

(उ) आणि शेवटचे. सामना झाला की सदर क्लबला काकांची गरज उरणार नाही, आणि सोमवारी किंवा मंगळवारी विचारणा मागे घेतल्याचे पत्र आपल्याकडे येईल. इतर कोणत्याही मागणीचा विचार झाला नाही तरी चालेल, परंतु ते पत्र कृपया काकांना देऊ नये. ते अर्जदाराकडे पाठवावे. काकांना काय सांगायचे ते अर्जदार पाहून घेईल, आणि खिशातले पत्र त्यांच्याचजवळ राहू द्यावे.

आपला नम्र व संरक्षित,
(सही)
मुख्य प्रशिक्षक
दिनांक : शुक्रवार, सायंकाळ

सोबत :
१) आदेशाची प्रत, पत्नीने पेन्सिलीने खुणा केलेली.
२) अर्जदाराविषयीच्या विचारणेची प्रत.
३) पत्नीचा दाखला, पाठपोट.
४) काकांच्या विचारणेची प्रत जोडलेली नाही. काकांनी ती हातातून सोडली नाही.