अंकुरची पहिली घागर

अंकुरच्या बाबाले आशाचा नमस्कार.

मी इथं अमरावतीले भावाकडे बरी हाये. वहिनी जेवल्याबिगर उठू देत नाही. तुमी जेवता काय? बीपीची गोळी घेता? गाईले पाणी कोण दाखवते?

ट्रकनं पोराले उडवलं तवा तुमी आधी डायवरले शिव्या देल्या, मंग डॉक्टरले. शेवटी चार पाहुण्यांत मले म्हणाले, "तूनंच त्याले दळण आणाले धाडलं." हो, धाडलं. घरात पीठ नव्हतं, दर आठवड्याले तोच जात होता.

तेवढं बोलून तुमाले झोप लागली असती, तर मीनं गुमान ऐकून घेतलं असतं. पण लागली काय? शेजारची हलीमाबी फोनवर सांगे, दुकान उघडत नाही, दाढी करत नाही, नुसते आशानं केलं, आशानं केलं करून राहिले. असं करून तुमीबी जासान.

सोमवारी अखजी हाये, अक्षय तृतीया. गेलेल्याच्या नावानं पाण्याची घागर भरा लागते, अन् आपल्या लेकराची ही पहिलीच. मी सकाळच्या एसटीनं येईन. कोरी घागर आणून ठेवा.

मले काय बोलायचं ते मागून बोला. घागर भरताना फक्त त्याचं नाव घ्या, माझं नको.

अंकुरची आई