वरवंट्याखालचा मुळा

१६ नोव्हेंबर, रविवार

जपानी लोणचं! बावन्नाव्या वर्षी मला हेच शिकायचं राहिलं होतं.

ऋतिका तिकडे जपानात म्हाताऱ्यांच्या आश्रमात सेवा करते आणि दर रविवारी व्हिडिओवर आमची झाडाझडती घेते. आज आईला पाहून लेकीनं स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाली, "पप्पा, आजी निम्मी झालीय. खायला काय देता?"

काय देणार! पेज. दुधात कुस्करलेली भाकरी. म्हातारीला मऊ – घरचा कायदा. आई दोन चमचे घेते आणि भिंतीकडे तोंड करते. असंच चाललं तर संक्रांत दिसायची नाही, हे मलाही कळतं.

"दात सगळे आहेत ना तिला? मग चावायला द्या! इथं ब्याण्णव वर्षांच्या आजी कच्चा मुळा खातात. असाझुके – तासाभराचं लोणचं."

तासाभराचं! आमच्या लोणच्याला मुरायला अख्खा पावसाळा लागतो.

१७ नोव्हेंबर

निघताना दारातून आईला नेहमीचं बोललो – "किल्ला सांभाळ गं, शत्रू आला तर ऐकू येईलच!" तिनं नेहमीसारखी मान हलवली. "व्हय. सावकाश." नूतननं नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं. बायकोच्या या नजरेवर पेपरातलं माझं एक विनोदी सदर होईल. आईच्या बहिरेपणावर दोन झाली. वाचकांना आवडली.

चार वर्षं झाली. कान वाहायचे, मग बंदच पडले. शिबिरातून आणलेलं मशीन तिनं कानातून उपसून शेणात टाकलं. तेव्हापासून बोलणंही आटत गेलं. हीच बानूबाई आणे पठारावर हाळी द्यायची आणि पलीकडच्या टेकाडावरची मेंढरं माना वर करायची! आता पुटपुटते. नूतन सासूबद्दल म्हणते, "आत्या रुसल्यात."

१९ नोव्हेंबर

पहिला घाणा फसला. तीनशे ग्रॅम मुळा, सहा ग्रॅम मीठ – सोनाराच्या तोऱ्यात तोलून ठेवलं आणि डेअरीला गेलो. येतोय तर नूतननं वरून फोडणी ओतलेली. मोहरी, हिंग, कडकडीत तेल!

"लोणचं म्हणलात ना? बिनफोडणीचं लोणचं बघून पावणं काय म्हणतील?"

कुठले पाहुणे? मुळा लुळा पडला. आईनं एक घास घेऊन ताटली सरकवली.

ऋतिकाचा मेसेज – "मम्मीला स्वयंपाकघराबाहेर ठेवा." वाचून दाखवला नाही. मला अजून संसार करायचाय.

२२ नोव्हेंबर

आज पाहिलं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी उपटलेला मुळा. पातळ चकत्या. मीठ चोळलं, आल्याचे चार काप, वर ताटली, ताटलीवर वरवंटा. बस्स. पाणी नाही, तेल नाही, ऊन नाही. तासानं वरवंटा उचलला – वाटीभर पाणी! माझ्या हातून थेंब पडला नव्हता. एक चकती उजेडात धरली, तर पलीकडची खिडकी दिसली. उभा जन्म मी या भाजीला नावं ठेवली!

पिळून आईपुढे ठेवलं. तिनं वास घेतला. एक चकती तोंडात टाकली.

कुर्रुम्.

ती थांबली. छपराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा चावली.

"वाजतंय," आई म्हणाली.

काय, म्हणून मी हात हलवला.

"मुळा वाजतोय रं! डोस्क्यात. लई मोठ्यानं!"

बशी संपवली. मग भाकरी मागितली – "कडक दे."

एरवी मी हसलो असतो. आज उठून भाकरी तव्यावर कडक करायला टाकली.

२३ नोव्हेंबर, रविवार

ऐकून ऋतिका किंचाळलीच. "पप्पा, तिला हाडातून ऐकू येतंय! लाटणं आणा!"

पुढचा देखावा सदरात छापला तर अख्खं डिंगोरे गाव मला वेड्यात काढेल. लाटण्याचं एक टोक आईच्या दातात, दुसरं मोबाईलला जोडलेल्या गाण्याच्या स्पीकरवर. नूतननं हात जोडलेले – कुणाला, तिलाच ठाऊक. आणि जपानातून पोरगी ओरडतेय – "आजी! आजी गं!"

आईच्या दातातून लाटणं पडलं.

"ऋती हाय," ती म्हणाली. "लाटण्यात हाय ऋती."

पुन्हा उचलून तिनंच दातात धरलं. अर्धा तास सोडलं नाही. चपात्या हॉटेलातून आणल्या.

२८ नोव्हेंबर

कानाच्या डॉक्टरनं चिमट्यासारखा लोखंडी काटा वाजवून आईच्या कानामागच्या हाडावर टेकवला. ती लगेच म्हणाली, "घंटी! मेंढराची."

डॉक्टर म्हणाले, "कानाचा रस्ता बंद आहे, आतलं गाव जागं आहे. डोक्याला बांधायचा पट्टा मिळेल, बटण हाडावर बसतं." मग माझ्याकडे वळले. "अशी माणसं हळू आवाजात बोलतात. स्वतःचाच आवाज त्यांना मोठा वाटतो. तुमच्या लक्षात नाही आलं?"

नाही आलं. गावभराच्या खोडी निरखून त्यावर पोट भरणारा मी. चार वर्षं एकाच छपराखाली!

४ डिसेंबर

या आठवड्याचं सदर पाठवलं नाही. आईनं दोन मुळे संपवले.

७ डिसेंबर, रविवार

पट्टा बांधला. आई बराच वेळ नुसती ऐकत बसली – चिमण्या, नूतनच्या बांगड्या, भांडी. मग मोठ्यानं, पूर्वीच्या आवाजात –

"गोरख, दारातनं जाताना रोज काय म्हणायचास रं? मी आपली 'येतो आई' समजून 'व्हय' म्हणायची."

नूतन मान खाली घालून मुळा चिरत राहिली.

मी उठलो. चपला घातल्या. दारात उभा राहिलो.

"येतो आई."

"व्हय. सावकाश."

जायचं कुठंच नव्हतं. रस्त्यापर्यंत जाऊन आलो.