पान उघडत नाही

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार

नेट गेलं! सिंहस्थाच्या कामासाठी रस्ता खणलाय, त्यात आमच्या कॉलनीची केबल तुटली. नेटवाला म्हणतो, "मॅडम, आठ-पंधरा दिवस धरून चला." त्याचं काय जातंय! माझी मुलाखत तेरा तारखेला आहे. व्हिडिओवर.

हरसूलजवळ एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. तिथे राहून मुलींना सांभाळणारी, शिकवणारी बाई हवी आहे. निवृत्त शिक्षिका चालेल म्हणतात. तिथल्या तृप्ती मॅडमनी फोनवर एकच गोष्ट दोनदा विचारली — "हजेरी ऑनलाइन भरावी लागते. टॅब चालवता येतो ना?"

"येतो की!" मी ठासून सांगितलं.

रोहितला यातलं काहीच माहीत नाही. कळलं तर म्हणेल, आई, या वयात? त्या डोंगरात? अरे, सुरगाण्याच्या शाळेत माझी निम्मी नोकरी झाली. हाच तिथे माझा पदर धरून वर्गात बसायचा. आता बंगळुरूला बसून माझ्यावर लक्ष ठेवतो.

३ फेब्रुवारी

शेजारच्या मोहिनीच्या फोनवरून नेट मागावं म्हणून तिच्या दारापर्यंत गेले. परत आले. रोहितने तिला सांगून ठेवलंय — आईचं काही वेगळं वाटलं तर कळवा. ती रोज संध्याकाळी डोकावून जाते. चांगली आहे बिचारी. म्हणूनच नको.

४ फेब्रुवारी

सकाळची वंदना आटोपून पलीकडच्या वाचनालयात गेले. तिथे फुकट वायफाय आहे. टॅब जोडला. "जोडलं" असं दिसलंसुद्धा. आणि मग अख्ख्या पडद्यावर लाल पाटी — "हे नेटवर्क असुरक्षित आहे. तुमच्या सुरक्षेसाठी जोडणी थांबवली आहे."

माझ्या सुरक्षेसाठी!

ग्रंथपाल हिरामण मदतीला आले. शांत माणूस. टॅब बंद करून चालू केला. नेटवर्क काढून पुन्हा जोडलं. मग म्हणाले, "मॅडम, आमचं वायफाय आधी एक पान दाखवतं. त्यात मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, मग नेट सुरू होतं. तुमच्यात ते सिक्युरिटीचं ॲप आहे ना, ते पानच उघडू देत नाही. ते म्हणतं, आधी मला नेट द्या, मी तपासतो, मग पान. आणि पान भरल्याशिवाय आमच्याकडे नेट नाही."

"मग?"

"मग काय, दोघंही अडून बसलेत."

स्वतःच्या फोनचं नेटही त्यांनी देऊन पाहिलं. तेही नको त्याला. अनोळखी जोडणी!

उपाय एकच. ॲप बंद करायचं. बंद करायला गेलं की पिन मागतं. पिन रोहितकडे.

५ फेब्रुवारी

झोप नाही. सारखं जूनमधलं ते आठवतंय. कधी लिहिलं नाही, आज लिहिते.

व्हिडिओ कॉल आला होता. वर्दीतला माणूस. म्हणाला, तुमच्या आधारवर गुन्हा दाखल आहे, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. मी नाही हलले! मुलांच्या तीन पिढ्या शिकवलेली बाई, पलंगाच्या कडेवर बसून राहिले. संडासला जाताना परवानगी मागत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोहिनीने दार वाजवलं, वाजवतच राहिली, म्हणून सुटले. पैसे गेले ते गेले.

रोहित विमानाने आला. माझा स्मार्टफोन काढून घेतला, बटणांचा दिला. सिम नसलेला टॅब दिला, त्यात हे ॲप. मेलचा पासवर्डही बदलून टाकला. "तुला लक्षात ठेवायची गरजच नाही आई."

तेव्हा मी सगळ्याला मान हलवली. भेदरलेली होते. आता भेदरलेली नाही, पण कुणी विचारत नाही.

७ फेब्रुवारी

नेट नाही. घरातून बाहेरही पडले नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

वाचनालयात बसून पिन ओळखायचा प्रयत्न केला. रोहितचं जन्मसाल. चूक. माझं. चूक. ह्यांचं. चूक — आणि टॅबच बंद! "अनधिकृत प्रयत्न. हे उपकरण कुलूपबंद केले आहे." अनधिकृत! माझा टॅब, माझी बोटं.

संध्याकाळी घरी नेट आलं. पाच मिनिटं आलं आणि गेलं. मी आनंदाने उठून बसते तोवर फोन वाजला. रोहित.

"आई, दुपारी कुठे होतीस?"

"घरी."

"घरी?"

"हो रे. कुठे जाणार मी."

तो अगदी हळू म्हणाला, "आई, तुझा फोटो आलाय मला. चुकीचा पिन टाकला की टॅब फोटो काढतो. मागे पुस्तकांची कपाटं आहेत."

ती पाच मिनिटं नेट आलं ते माझी चुगली करायलाच!

म्हटलं, "वाचायला गेले होते." "टॅब घेऊन?" "हो." "कुणी काही करायला सांगतंय का तुला? कुणी धमकावतंय?" "नाही रे." "नक्की?" — पोलिसासारखं. नाही, पोलिसासारखं नाही. त्या वर्दीवाल्यासारखं. असं लिहू नये मुलाबद्दल. पण लिहिलं.

१० फेब्रुवारी

हिरामण म्हणाले, "एक रस्ता आहे. टॅब पूर्ण कोरा करायचा. ॲप जाईल." मग स्वतःच म्हणाले, "पण मेलही जाईल. पासवर्ड आहे ना?"

नाही. मुलाखतीची लिंक मेलमध्ये. मेल टॅबमध्ये. टॅब कुलूपबंद. तृप्ती मॅडमना फोन करून लिंक दुसऱ्या फोनवर मागवू? म्हणजे टॅब चालवता येत नाही हे आपल्याच तोंडाने सांगायचं. आणि मग हजेरी कोण भरणार म्हणतील.

मोहिनी डोकावली. "काकू, बरं वाटत नाही का? रोहितदादा विचारत होते." म्हटलं, मी ठीक आहे.

११ फेब्रुवारी

आज मीच रोहितला फोन लावला. सगळं सांगून टाकलं. हरसूल, वसतिगृह, शुक्रवारची मुलाखत.

आधी अपेक्षेप्रमाणे — "तुला काय कमी आहे?" मग "तिथे रात्री दुखलंखुपलं तर?" मग "फुकटच्या वायफायवर कुणीही शिरतं आई, तुला कळत कसं नाही!"

मी म्हटलं, "रोहित, त्या माणसाने मला दोन दिवस कोंडलं. तू जूनपासून कोंडून ठेवलं आहेस."

वाईट बोलले.

मग म्हणाला, "मी त्या दिवशी फोन केला होता. आठवतं? दुपारी."

आठवत होतं. वर्दीवाला म्हणाला होता, उचला, आणि नेहमीसारखं बोला.

"तू म्हणालीस, मी ठीक आहे. तुझा आवाज वेगळा होता आई. मला कळलं होतं. पण माझी मीटिंग होती, म्हणून मी ठेवला फोन." त्याचा आवाज फाटला. "आता तू ठीक आहे म्हणालीस की माझा विश्वासच बसत नाही. मी काय करू?"

एवढा मोठा घोडा. रडत होता. "जेवलास का," एवढंच विचारलं.

नाक ओढत म्हणाला, "मी शुक्रवारी सुट्टी टाकून येतो. मी जोडून देतो सगळं."

"येऊ नकोस. पिन दे."

"आई—"

"पिन दे, रोहित."

त्याने फोन ठेवला.

१२ फेब्रुवारी

दिवसभर काही नाही. बटणांचा फोन ओट्यावर, मी ओट्यापाशी. भात करपला. संध्याकाळी एसएमएस आला. चार आकडे, खाली काही नाही. कुणाचाच वाढदिवस नाही. मला जन्मात सुचले नसते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पिनने कुलूप निघालं, ॲप बंद केलं, आणि पान उघडलं! साधं पांढरं पान, वर वाचनालयाचं नाव, खाली नंबराची चौकट. एवढ्यासाठी! ओटीपी टाकला. हिरामणनी आतली खोली दिली, पंखा बंद केला, आवाज येतो म्हणून.

तिकडे तृप्ती मॅडम आणि दोन गृहस्थ. एकाने विचारलं, "गाव लहान आहे, करमेल का?" मी हसलेच. म्हटलं, "साहेब, नाशकात कुठे करमतंय." मग भात लावणीच्या दिवसांत मुलींची हजेरी कशी टिकवायची यावर बराच वेळ बोलले. किती दिवसांनी कुणी माझं ऐकून घेत होतं.

उठताना ॲप पुन्हा सुरू करून ठेवलं. मीच.

१८ फेब्रुवारी

झालं! एक तारखेपासून या म्हणाले. रोहितला सांगितलं. म्हणाला, "स्वेटर ने. थंडी असते अजून तिथे."

९ मार्च, सोमवार. हरसूल

पायल नावाची मुलगी काल आली. सुरगाण्याकडची, दुसरीतली. आई-बाप द्राक्षांच्या कामाला गेलेत, घरी कुणी नाही. आज दुपारी दप्तर पाठीला लावून गेटपाशी जाऊन उभी राहिली. "बाई, खोला ना. माला घरी जायचाय." गज धरून रडत होती. गेटची किल्ली माझ्या कमरेला. बाहेर रस्ता, भरधाव जीपगाड्या. मी तिच्याशेजारी मातीत बसले, डोळे पुसले, तिच्या गावाचं नाव विचारलं.

गेट उघडलं नाही.