बुजवलेली सात भोकं

मी, खाली अंगठा करणारी, वय सदुसष्ट, धंदा बिगारी, हल्ली घरीच, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहवून घेते आहे. लिहिते आहे माझी सून, कारण माझी मजल अंगठ्यापर्यंतच. मला कुणी भरीला घातलेलं नाही की धाक दाखवलेला नाही. भीती वाटते ती मागच्या भिंतीची, आणि आज ती फार वाटते.

१. भिंतीबद्दल आधी. आमच्या रांगेमागची टेकडीची माती हीच भिंत धरून आहे. बांधली माझ्या मालकांनी, ते गवंडी होते; घमेली मी वाहिली. मातीतलं पाणी निघून जावं म्हणून त्यांनी तिच्यात सात भोकं ठेवली, चार आमच्या खोलीत, तीन शेजारच्या शिंप्याकडे. पावसात अंथरुणं भिजायची. मी त्यांचं डोकं खाल्लं. "अगं, पाणी बाहेर आलं तरच भिंत टिकेल," ते म्हणायचे. मी अबोला धरला. शेवटी त्यांनी सातही भोकं सिमेंटने बुजवली आणि विचारलं, "झालं समाधान?" झालं होतं. ते आता नाहीत, तेव्हा हा दोष त्यांच्या माथी मारू नये, तो माझा आहे. सून म्हणते, हे मृत्युपत्रात कशाला? लिही म्हटलं ना!

२. मालकांचा ओळंबा, भिंत सरळ आहे का ते बघायची वजनाची दोरी, सुनेला. तो भिंतीच्या वरच्या खिळ्याला टांगलेला असतो. दोरी आणि भिंत यांच्यामध्ये पूर्वी चार बोटं जायची. परवा दोन गेली. आज एकच, तेही घासून, म्हणजे भिंतीचं पोट पुढे येतंय. ती रोज मोजते आणि मुलगा हसतो.

३. टेकडीवर इमारती झाल्या, त्यांचं सगळं पाणी ह्याच मातीत मुरतं. त्यात माझ्या दीडशहाण्या मुलाने खोलीवर मजला चढवला. आत्ताही वर गिलावा करत बसलाय. मजला उतरवला तर पत्रे, विटा, खिडक्या त्याच्या. नाही उतरवला तर माझ्या नावाने रडायचाही हक्क त्याला नाही.

४. छिन्नी-हातोडा शिंप्याला. सकाळी आम्ही सासू-सुनेने आमची चार भोकं उघडली. तीन भोकांतून स्वच्छ पाणी आलं, चौथ्यातून गढूळ. गढूळ म्हणजे आतली माती सुटली. शिंप्याला सांगायला गेले, तर म्हणाला, "मावशी, माझं कापड भिजेल, पाणी काढू कुठून?" त्याची दोन्ही पोरं भिंतीला डोकं लावून झोपतात.

५. राहिली खोली. कागद नाही, दारावर रंगवलेला आकडा तेवढा आहे, तरी ती माझी. ती मी कुणालाच देत नाही, पाण्याला देते. उंबरा फोडावा, दारापर्यंत चर खणावा आणि शिंप्याकडचं पाणीही इथूनच रस्त्यावर जाऊ द्यावं. माझ्या मरणाची वाट बघू नये, आजच करावं.

साक्षीदार पहिली: दवाखान्यातली आया. सही केली.

साक्षीदार दुसरा: शिंपी. त्याने पेन घेतलं, पाचवं कलम वाचलं, पेन ठेवलं आणि छिन्नी-हातोडा घेऊन गेला. पलीकडून ठोके ऐकू आले. परत आला तो कोपरापर्यंत लाल चिखलाने माखून. "मावशी, तिन्हींतून गढूळच. पोरांना बाहेर काढतो, तुम्हीही उठा!"

इथून पुढे मी शिंपी लिहितो आहे. आम्ही पोरांसकट शाळेच्या पायऱ्यांवर आलो आहोत. सूनबाई नवऱ्याला खाली आणायला परत गेल्या. मी म्हटलं, मावशी, अंगठा करून टाका. त्या म्हणाल्या, "गप रे. आधी ती दोघं दिसू देत." आया देवाचं नाव घेते आहे. मावशींनी माझा हात घट्ट धरलाय.

दिसली. कोपऱ्यावरून दोघं पळत येताहेत. ओळंबा मावशींच्या मुलाच्या हातात आहे.

ठिकाण: शाळेच्या पायऱ्या, भिंतीपासून दोनशे पावलं.
दिनांक: ९ ऑगस्ट, दुपारी बारा.
अंगठा: केला.