दहा सेकंद उत्तरेला

२ तारीख, गुरुवार. संध्याकाळ.

नवी वही काढली. जुनीत पानं शिल्लक आहेत, पण मध्येच हिने किराणा लिहून ठेवलाय. आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात लिहायचं. रडगाणं नाही.

लेक नोकरीसाठी २४ला निघते. रेल्वेने तीन दिवस. करार दोन वर्षांचा. म्हणजे बावीस दिवस उरले. मी मोजत नाहीये, आकडा आपोआप आला. लहानपणी दाणे सोफ्याच्या उशांमागे लपवून ठेवायची म्हणून तिला खार म्हणतो.

पण आजची खरी बातमी वेगळी. जिओकॅशिंगच्या ॲपवर नवी डबी! कोणीतरी डबी लपवतो, जागेचे अक्षांश-रेखांश टाकतो, बाकीच्यांनी जाऊन शोधायची आणि आतल्या कागदावर सही करायची. खार आणि मी दहा वर्षं हे करतोय. एकशे चौदा डब्या. हाताला लागते ती तिच्या, पण एकंदर दिशा माझी. फक्त पहिली सही आजवर एकदाही मिळाली नाही. कोणीतरी आधीच येऊन गेलेलं असतं. फार लागतं ते मनाला.

ही डबी डोंगरावरच्या ओस वस्तीत आहे. सात-आठ घरं, तीस वर्षं रिकामी. रविवारी सर. पहिली सही माझी. विषय संपला.

३ तारीख, शुक्रवार.

डबीचं पान नीट वाचलं. लपवणाऱ्याचं टोपणनाव 'झुपकेदार'. मिशीवाला कोणी असणार. आमच्या भूमापन कार्यालयातले मोजणीदार गेल्याच महिन्यात रिटायर झाले. काय त्या मिश्या! शिवाय त्यांना डोंगराची आवड आणि माझ्यावर जुना राग. तेच हे.

वर्णन असं: 'ओट्यावर दोघांना बसता येतं. एकट्याने येऊ नये.' सुरक्षेचे सल्ले, आणि मला! खाली सूचना: 'चुलीच्या मागे. आणि घाई करू नकोस.' करू नकोस! अनोळखी माणसाला सरळ अरेतुरे. मोजणीदारच.

जेवताना खार म्हणाली की रविवारी ती मोकळी आहे, बरोबर येऊ का. मी म्हटलं, तुला पॅकिंग आहे. खरं कारण असं की ती आली तर सही दोघांची होणार. निदान निम्मी. एवढी वर्षं थांबलोय, आता निम्म्यावर भागवायचं? बायकोने माझ्याकडे बघत भांडी जरा जोरातच घासली.

४ तारीख, शनिवार.

नकाशा तयार. ॲपमधला बाण बघत चालणं हे मुलांचं काम. सव्वीस वर्षं कार्यालयात नकाशे काढतोय, बांधाच्या भांडणात माझी पट्टी शेवटचा शब्द असते. आकडे वहीत उतरवले, नकाशावर स्वतः बिंदू टाकला. अक्षांशाची मिनिटं ३१.२५०. म्हणजे ३१ मिनिटं, २५ सेकंद. बिंदू बरोबर एका घरावर आला. कौशल्य!

५ तारीख, रविवार.

सकाळी खार माझ्या आधीच बाहेर पडली. मैत्रिणीबरोबर खरेदी. दुकानं सहाला उघडतात हे नवीन ऐकलं.

पायथ्यापर्यंत स्कूटर. पुढे दोन तास चढ. आपण चाळीस मिनिटांचा अंदाज धरला होता, पण वाट त्या मानाने लांब निघाली. वस्ती विखुरलेली. दगडी भिंती, छपरं गेलेली, एका दारात कडी अजून लटकते. माझ्या बिंदूवरचं घर सगळ्यांत वरचं. चूल सापडली. मागे हात घातला. राख. अजून राख. एक गोम. डबी नाही.

ओढ्यापलीकडे, खालच्या एका घराच्या ओट्यावर कोणीतरी बसलं होतं. लाल सॅक. तीनेकशे मीटर अंतर, एवढ्या लांबून माणूस काय कळणार. मोजणीदार! मजा बघत बसले होते! त्यांनी हात हलवला. मी भिंतीआड बसलो. आपली जागा कोण दाखवून देईल? दोनपर्यंत तसाच बसलो. उकडलेली अंडी खाल्ली. पाय आखडले.

खार माझ्यानंतर घरी आली. पँटला कुसळं. हल्ली दुकानांतसुद्धा झाडलोट राहिली नाही.

६ तारीख, सोमवार.

गुडघा. सुट्टी नाही घेतली, खुर्चीतच काम. ॲपवर सभ्य शब्दांत नोंद टाकली: 'डबी जागेवर नाही. लपवणाऱ्याने जबाबदारीने वागावे.'

७ तारीख, मंगळवार.

झुपकेदारचं उत्तर: 'डबी जागेवरच आहे. कृपया दशांश बघावा.' दशांश! मला! हा माणूस माझ्या हाताखाली मोजणी शिकला. (जरा पुढेमागे, पण शिकला.) मी अंश, मिनिट, सेकंद यावर एकशेऐंशी शब्दांचं उत्तर टाकलं.

जेवताना खारही तेच म्हणाली. की बाबा, ॲपवर सेकंद नसतात, मिनिटाचे दशांश असतात, एकदा गणित करून बघ. माझा पारा चढला. म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून मी सेकंदांत जगतोय. ती हसली, आणि मग हसायची थांबली. बायको म्हणाली, अहो, ऐका जरा पोरीचं. दोघींची युती आहे.

१० तारीख, शुक्रवार.

चौदा दिवस. साहेबांनी माझा एक नकाशा परत पाठवला. विहीर शेजाऱ्याच्या हद्दीत गेली म्हणे. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. विहीरच वाकडी बांधलीय, त्याला मी काय करू?

घरी बसवत नाही. नळाचा वायसर बदलला. चांगला होता, तरी बदलला. बिजागऱ्यांना तेल घातलं. मग खारीची खोली मोजली. टेबल हलवलं तर तिथे माझं नकाशांचं कपाट बसतं, सहा इंच उरतातसुद्धा. मोजून झाल्यावर कपाट नकोसं वाटलं. त्या भिंतीला ओल आहे.

ओल दिसत नाही, पण असणार.

१२ तारीख, रविवार.

संकल्प: चूल पूर्ण उकरायची. बागेतलं खुरपं नेलं. तीन तास उकरली. आता त्या घरात चूल होती हे सांगूनही कोणाला पटणार नाही.

लाल सॅक पुन्हा त्याच ओट्यावर. आज थर्मासही दिसला. म्हातारा चहा पीत होता, आणि मी राख खात होतो.

एक पक्षी ऐकला. दोन आखूड, एक लांब शीळ. हुबेहूब आमच्या घरची शिट्टी! खार लहान असताना गर्दीत चुकू नये म्हणून मीच ठरवली होती. निसर्गाची कमाल. बराच वेळ झाडांत शोधला, दिसला नाही.

संध्याकाळी खारीला पक्ष्याचं सांगितलं. तिने विचारलं, मग तू काय केलंस? मी म्हटलं, शोधला. ती म्हणाली, बरं. तिला पक्ष्यांत फारसा रस नाही.

१५ तारीख, बुधवार.

नऊ. खार आज ऑफिसला डबा घेऊन आली. मी विसरलो होतो. साहेबांनी कौतुक केलं, मुलगी चालली का म्हणून विचारलं. मी म्हटलं, हो, येऊन-जाऊन असेलच. दोन वर्षं म्हणजे काय, डोळे मिटायचे आणि उघडायचे.

मग ट्रेसिंग पेपर उलटा लावून अर्धा दिवस काम केलं.

ती म्हणाली होती, या रविवारी तरी जाऊ ना बरोबर. शेवटचा आहे. मी म्हटलं, एकदा सही मिळाली की निवांत जाऊ, दोघंच. माझं बरोबर आहे. आधी काम, मग मजा.

१९ तारीख, रविवार.

घडलं ते सरळ लिहितो.

साडेदहाला वरच्या घरात पोचलो. चूल संपली म्हणून भिंतीचे दगड काढत होतो. बघतो तर लाल सॅक ओट्यावरून उठली आणि ओढा उतरून माझ्याच दिशेने यायला लागली! काहीतरी ओरडतही होती. वारा होता, शब्द कळले नाहीत. समोरासमोर गाठ पडली असती तर मोजणीदारांनी गावभर केलं असतं की मी तीन रविवार एक डबी शोधतोय. मागच्या खिंडारातून निसटलो. उतारावर धावलो. गुडघ्यासकट.

वाटेत शेळ्या चारणाऱ्या एक आजी भेटल्या. म्हणाल्या, एवढा बाप्या माणूस, पोरीला घाबरून पळतोस? मी म्हटलं, आजी, पोरगी नाही ती, मिशा आहेत त्यांना. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. वय झालं की नजर जाते, त्यांचा काय दोष.

खार उशिरा आली, सरळ खोलीत गेली. डोळे लाल. बायकोला विचारलं तर म्हणाली, धूळ गेली असेल. मग म्हणाली, तुमच्यापुढे हात टेकले. कशाबद्दल ते विचारलं नाही. विचारलं की लांबण लागते.

२१ तारीख, मंगळवार.

तीन. आज मोजणीदार कार्यालयात आले, पेन्शनच्या कागदासाठी. डोंगराचा खडा टाकून पाहिला. म्हणाले, कसला डोंगर, दोन महिने पाठीला पट्टा आहे, जिना चढवत नाही. पट्टा दाखवलासुद्धा. मिशाही काढल्यात.

मग वर कोण होतं?

विचार करायला वेळ नाही. खारीच्या बॅगेचं कुलूप अडकतंय, ते बघायचंय.

२४ तारीख, शुक्रवार.

स्टेशनवर गेलो. गाडी वेळेवर आली, नको तेव्हा येते. बायको रडली. मी सामान नीट लावलं, मग पुन्हा काढून पुन्हा लावलं. खार म्हणाली, बाबा, एक काम कर. नकाशा घरी ठेव, फोनमधला बाण बघ आणि वर जा. मी म्हटलं, बघू. तिने माझ्या कॉलरवरचा धागा काढला. पाठीवर तिची लाल सॅक होती.

लाल सॅक काय, शंभर जणांकडे असते.

२५ तारीख, शनिवार.

घर फार मोठं आहे. कुठेही बसलं तरी मध्येच बसल्यासारखं वाटतं. नळ पुन्हा उघडून बघितला. बायको म्हणाली, अहो, पुरे. दशांशाचं गणित करा म्हणून पोरगी घसा कोरडा करून गेली, ते करा. म्हटलं, तुला कधीपासून दशांश कळायला लागले? म्हणाली, महिन्यापूर्वी, याच टेबलावर, खारीने समजावलं तेव्हा. डबीत काय ठेवायचं तेही इथेच ठरलं.

वही घेतली.

०.२५० गुणिले ६०. १५. पुन्हा केलं. १५. मोठ्या कॅल्क्युलेटरवर केलं. १५. पंचवीस नाही. दहा सेकंदांचा फरक. दहा सेकंद म्हणजे तीनशे मीटर, उत्तरेला. ओढ्याच्या वरच्या अंगाला.

२६ तारीख, रविवार.

फोनचा बाण बघत गेलो. बाणाने सरळ खालच्या घराच्या ओट्यापाशी नेऊन उभं केलं. चुलीच्या मागे हात घातला, पहिल्याच झटक्यात डबी. लेकीची शाळेची निळी डबी, झाकणावर खारीचं स्टिकर. शेपटी झुपकेदार.

आत मूठभर दाणे आणि घडी केलेला कागद. जसाच्या तसा उतरवतो:

'पहिली ओळ बाबाची आहे. कोणी सही करू नये.
५ – बाबा वरच्या घरात. हात केला तर लपला. त्याच्या वाटचा चहा मीच प्यायले.
१२ – शिट्टी मारली. त्याने वर बघितलं, झाडात.
१९ – पळाला!! गुडघा बरा आहे म्हणायचा. आई म्हणते, सांगून टाक. नको. त्याला सापडू दे, त्याला पहिलं यायचंय.'

पहिल्या ओळीवर सही केली. पेनं तीन नेली होती, तिन्ही चालू होती, तरी सही नीट आली नाही. एकशे पंधरावी डबी, पहिला नंबर. फोन करावा म्हटलं तर वर रेंज नाही, आणि ती अजून गाडीतच असणार.

दाणे सादळले होते. सगळे खाल्ले. ओट्यावर खरंच दोघांना बसता येतं, मी एका कडेला बसलो. दोन वाजेपर्यंत. मध्ये एकदा वरच्या घराकडे बघून हात हलवून पाहिला. एक शेळी भिंतीवर चढली होती, तिच्या गळ्यातली दोरीसुद्धा दिसत होती.

एवढ्या लांबून माणूस अगदी स्पष्ट ओळखू येतो.